उत्तरेची भिंत आणि मावशींचा पंखा

अन्याय झाला तो मावशींवर. १९८६ सालच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी, फराळाचे डबे अजून पुरते रिकामेही झाले नव्हते तेव्हा. टपालातून गावाच्या जतन समितीचा आदेश आला. संरक्षित, ऐतिहासिक घराच्या मागच्या भिंतीला विनापरवाना भोक पाडलं आहे. स्वयंपाकघरातला पंखा काढा. भिंत मुळात होती तशी करून द्या. ती तशी होईपर्यंत या घरात विद्यार्थी ठेवून त्यांना जेवण द्यायची परवानगी स्थगित.

शेवटचं वाक्य सगळ्यांत छोटं होतं आणि घाव तेच घालणार होतं. परवानगी गेली की विद्यार्थी गेले, विद्यार्थी गेले की घर गेलं.

मावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हत्या, कोणाच्याच नव्हत्या. मूळच्या सांगलीच्या. यजमान मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते, त्यांनी हे विटांचं घर हौसेनं घेतलं आणि मग ते गेले. मुलगा इथेच जन्मलेला, कॅलिफोर्नियात नोकरीला. मावशींनी वरच्या खोल्या आम्हा विद्यार्थ्यांना दिल्या आणि खाली स्वयंपाकघर चालू ठेवलं. त्यावर त्यांचं घर चालायचं आणि आमचं पोट. गावाचं नाव लिहीत नाही. समितीतली माणसं अजून तिथेच राहतात आणि शेवटी ती नीट वागली. अमेरिकेत ॲन आर्बरहून बसनं जाता येतं, एवढं पुरे.

घर मात्र विसरता येण्यासारखं नव्हतं. इंग्लंडहून आलेल्या एका गवंड्यानं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ते स्वतःसाठी बांधलं होतं. आजूबाजूच्या जुन्या विटांच्या घरांत काटकसर दिसायची: पाच-सहा थर लांब विटांचे आणि मग कुठे एक थर आडव्या विटांचा, म्हणजे बाहेरून ज्यांची नुसती डोकी दिसतात त्यांचा. या माणसानं स्वतःच्या देशातली रीत सोडली नाही. एक थर लांब विटांचा, त्यावर एक थर डोक्यांचा, पुन्हा लांब, पुन्हा डोकी, जोत्यापासून थेट वळचणीपर्यंत. भिंत दीड विटेची, आरपार भरीव. दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या रेघा, चुन्याच्या, बारीक आणि सरळ. खिडक्यांवर विटा घासून पाचरीसारख्या केलेल्या आणि त्यांच्या चपट्या कमानी रचलेल्या, मध्ये लाकूड नाही, दगड नाही, फक्त विटा एकमेकींना धरून. दारापाशी समितीनं पितळी पाटी लावली होती. मी नागपूरला आर्किटेक्चर शिकून पुढच्या शिक्षणाला इथे आले होते, आणि पहिल्याच दिवशी खोली न बघता या घराला हो म्हटलं होतं. तेव्हा ‘या लोकांना जुन्या घराची कदर नाही’ असं जेव्हा आमच्याबद्दल बोललं गेलं, तेव्हा माझं डोकं का फिरलं ते समजून घ्या.

फक्त उत्तरेची, मागची भिंत कोणा मधल्या मालकानं पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवून टाकली होती. हातावर हात, हातावर हात. वीट दिसेना, दर्जा दिसेना. खरवडायची तर समितीची परवानगी हवी. त्या भिंतीमागे मावशींचं स्वयंपाकघर. त्याच्या खिडक्याही त्याच रंगात चिकटून बसलेल्या, उघडायच्याच नाहीत. मावशींनी मोहरी-मिरचीची फोडणी दिली की आम्ही जिन्यावर जाऊन खोकायचो.

यावर उपाय काढला ट्रॉय गावात राहणाऱ्या काकांनी. हे काका मावशींच्या यजमानांचे जुने सहकारी, दर शनिवारी तासभर ड्राइव्ह करून मावशींच्या हातचं जेवायला यायचे. दिवाळीच्या आधी एका शनिवारी ते एक पंखा आणि भाड्यानं आणलेलं मोठं ड्रिल घेऊन आले. मी तेव्हा कॉलेजात होते. परवानगीचं काय, असं मावशींनी विचारलं म्हणे. तर काका म्हणाले, आपलं घर, आपली भिंत, त्यात कोणाला विचारायचं? पुण्यात होते तोवर त्यांनी असंच केलं होतं. जुनी दीड विटेची भिंत, दोन-तीन दिवस जातील म्हणून त्यांनी सोमवारची सुट्टीही टाकली होती. पण चहा व्हायच्या आत काम झालं. संध्याकाळी मी आले तर पंखा फिरत होता आणि काका ड्रिलला कापडात गुंडाळत होते. “लोण्यासारखी गेली बघ,” ते मला म्हणाले. “टूल्स असावीत तर अमेरिकेतली.” आम्ही ड्रिलचं कौतुक केलं. मावशींनी त्या आनंदात चकल्या तळल्या आणि पहिल्यांदाच कोणी खोकलं नाही.

तक्रार केली शेजारच्या निवृत्त दातांच्या डॉक्टरनं. तक्रारीत विटेबद्दल लिहिलं होतं, ऐतिहासिक भिंतीची नासधूस वगैरे. त्याच्या बायकोनं मात्र उन्हाळ्यातच कुंपणावरून मावशींना विचारून ठेवलं होतं, की तुम्ही लोक रोज काय जाळता.

आता माझ्याबद्दल एवढंच की पत्रक लिहायला मी नागपूरच्या हॉस्टेलात शिकले. मेसच्या पाण्यात अळ्या निघाल्या तेव्हा पहिलं लिहिलं. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर झाला आणि कधी, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं. मध्ये काय लिहायचं ते राग सांगतो. मावशींच्या बाबतीतही मी तेच केलं. वासावरून माणसाला घराबाहेर काढणाऱ्या गावाचा निषेध, असं खणखणीत इंग्रजीत लिहून कॉलेजच्या मशीनवर प्रती काढल्या आणि समितीच्या सुनावणीला दारात उभं राहून प्रत्येकाच्या हातात दिल्या.

समितीच्या अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, गळ्यात दोरीनं चष्मा अडकवलेला. त्यांनी माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं, हे मी नाकारत नाही. मग चष्मा काढून विचारलं, “वासाबद्दल या समितीला काहीच मत नाही. आम्ही भिंतीबद्दल बोलतोय. तुम्ही भिंतीबद्दल काही बोलणार आहात का?”

माझ्या पत्रकात विटेचा एक शब्द नव्हता. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात काका उठले आणि त्यांनी समितीची माफी मागितली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आम्ही तुमच्या देशात पाहुणे आहोत, चूक झाली, भोक बुजवून देऊ. दातांचा डॉक्टर मान डोलवत होता. समितीनं फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली आणि तोवर आधीच राहत असलेल्या मुलांना जेवू घालायची सूट, तीही उपकार केल्यासारखी.

परतताना गाडीत मी काकांशी भांडले. मावशी वीस वर्षं या घराचा टॅक्स भरतात, त्या पाहुण्या कशा? काका म्हणाले, अगं, आपल्याला इथे राहायचंय. मी म्हटलं, राहायचंय म्हणूनच. मावशी मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन गप्प बसल्या होत्या.

गप्प का, ते त्या रविवारी कळलं. मुलाचा फोन आला. तो मोठ्यानं बोलतो, त्यामुळे सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू येत होतं. “आई, जस्ट सेल इट. गॅरेजवरची रूम रेडी आहे. व्हाय आर यू फायटिंग?” मावशी मराठीत हो-हो म्हणत राहिल्या. फोन ठेवून कणीक मळायला लागल्या आणि मला म्हणाल्या, “त्याचं काही चुकत नाही. पण तिथे सून डाएटवर, मुलगा ऑफिसात जेवतो. मी कोणासाठी कुकर लावू?” मग थोड्या वेळानं, कणकेकडेच बघत, “इथे मी उठले नाही तर पाच जण उपाशी राहतात गं. माझं तेवढंच आहे.”

मी त्या दिवशी ठरवलं की पुढचं पत्रक भिंतीबद्दल लिहायचं. पण भिंतीबद्दल काय? पांढऱ्या रंगाखाली काय आहे तेच दिसत नव्हतं. पुस्तकं धुंडाळली, जुने फोटो शोधले. समोरच्या बाजूचे ढीगभर मिळाले, मागचा एकही नाही. घराच्या पाठीचा फोटो कोण काढतो?

मग जानेवारीत वादळ झालं. रात्रभर उत्तरेचा वारा आणि बारीक बर्फ. सकाळी मी कचरा टाकायला मागच्या दारानं बाहेर पडले आणि मागे वळून बघितलं. सगळी भिंत बर्फानं लिंपली होती, वाऱ्यानं चोपडल्यासारखी. फक्त पंख्याभोवती नव्हती. पण ती उघडी जागा पंख्याच्या आकाराची नव्हती. बरीच रुंद, दोन्ही बाजू सरळ उभ्या, आणि वर गोल. कमान. भर हिवाळ्यात, त्या पांढऱ्या भिंतीवर, कोणीतरी पट्टी आणि कंपास घेऊन काढावी तशी स्वच्छ, ओलसर कमान.

आमच्यातला एक मुंबईचा, कम्प्युटरवाला, बनियनवर जॅकेट चढवून बाहेर आला. “यार, भिंतीला घाम आलाय,” तो म्हणाला. आणि त्याला सांगायची गरज पडली नाही, धावत जाऊन कॅमेरा घेऊन आला.

मी आत जाऊन ट्रॉयला फोन लावला. काका झोपेतच होते. विचारलं, भोक पाडताना काय काय लागलं ते क्रमानं सांगा. ते म्हणाले, आधी गिलावा, मागे लाकडी पट्ट्या, मग हातभर नाही पण बऱ्यापैकी पोकळी, मग एक वीट, की बाहेर.

“पोकळी? काका, तुम्ही हे कोणाला सांगितलं का नाही?”

“त्यात काय सांगायचं? अमेरिकेत भिंती पोकळच असतात. माझ्या घरी खिळा मारला तरी आत पडतो.”

“दीड विटेच्या भिंतीत पोकळी नसते हो. ते ड्रिल चांगलं नव्हतं. तिथे भिंतच नव्हती.”

मी फोन ठेवला आणि कागदावर भिंत काढून बघितली.

सगळं जागेवर बसत गेलं. त्या गवंड्यानं आपल्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत पाव भाजायची भट्टी बांधली होती. तोंड आत, पोट बाहेर अंगणात. जुन्या घरांत अशा भट्ट्या असायच्या, हे मी वाचलं होतं. पुढे लोखंडी शेगड्या आल्या, भट्टी पाडली, कमानीचं तोंड बाहेरून एका विटेनं बुजवलं, आतून पट्ट्या ठोकून गिलावा केला, वरून पांढरा रंग फासला. मध्ये राहिली पोकळी. आणि काकांनी पंखा बसवताना भोवतीची फट बुजवलीच नव्हती. मावशींच्या स्वयंपाकघरातली गरम हवा त्या फटीतून पोकळीत शिरून बसत होती आणि तेवढ्याच आकाराचा बर्फ वितळवत होती. ज्या पंख्यासाठी मावशींना घराबाहेर काढणार होते, त्याच पंख्यानं आम्हाला कमान दाखवली. काकांनी फट नीट भरली असती तर आम्ही हरलो असतो.

अध्यक्षबाईंना मी फोन केला. म्हटलं, तुम्ही विचारलं होतं भिंतीबद्दल काही बोलणार का. आता बोलते, पण भिंतीसमोर. त्या यायला तयार झाल्या, संक्रांतीच्या जवळच्या शनिवारी सकाळी.

पण तोवर बर्फ गळून पडला. भिंत पुन्हा कोरी, मुक्यासारखी. फोटो होते, पण मला फोटो दाखवायचे नव्हते. फोटोला माणूस शंका घेतो. मुंबईकर म्हणाला, बर्फ काय, अंगणात ढीग आहे, आपणच लावू. आणि आम्ही खरोखर तसं केलं. त्या शनिवारी मावशींनी पहाटेपासून चारही शेगड्या पेटवल्या. एकीवर तिळगुळाचा पाक, एकीवर वरण, बाकी दोन्हींवर नुसतं पाणी उकळत. अध्यक्षबाई आणि आणखी दोन सभासद बूट आपटत मागच्या अंगणात आले, तेव्हा मी आणि मुंबईकर केरसुण्यांनी भिंतीला बर्फ फासत होतो आणि काका शिडीवर उभे राहून वरचा भाग सारवत होते.

कुंपणापलीकडून दातांचा डॉक्टर ओरडला, संरक्षित भिंतीला हे काय लावताय?

“पाणी,” मुंबईकर म्हणाला. “थोडं थंड आहे.”

काम झालं आणि आम्ही सगळे रांगेत उभे राहून भिंतीकडे बघू लागलो. काही झालं नाही. एक सभासद घड्याळ बघू लागला. काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, सॉरी म्हणून टाकू का? मी म्हटलं, काका, आज तुम्ही सॉरी म्हणालात तर मी तुम्हाला या बर्फात पुरीन. खिडकीच्या धुरकट काचेमागे मावशींचा हात हलताना दिसत होता, पाक घोटणारा.

आधी पंख्याखाली एक पट्टा काळपट झाला. मग दोन्ही बाजूंना सरळ रेषा उतरू लागल्या. बर्फाचा एक पापुद्रा सुटून खाली पडला, त्यावर दुसरा. आणि वर, अगदी सावकाश, गोलाई उघडी पडली. डावीकडून चढली, उजवीकडून चढली, मध्ये मिळाली.

अध्यक्षबाई पुढे गेल्या, हातमोजा काढला आणि कमानीच्या आत तळवा टेकवला. मग बाहेर टेकवला. पुन्हा आत. “भट्टी,” त्या स्वतःशीच म्हणाल्यासारख्या म्हणाल्या. “या घराला भट्टी नव्हतीच, असं आम्ही समजत होतो.”

माझं भाषण तयार होतं. पण त्यांचा तो उघडा हात बघून मी पत्रकाचा आवाज खाली आणला. तुमच्या पाटीवर ज्या गवंड्याबद्दल लिहिलंय, तो बाहेरून आला होता, म्हटलं. स्वतःच्या देशातली वीट रचायची रीत घेऊन आला आणि तिथला पावही. त्याच्या घरातल्या चुलीची धग याच जागेतून बाहेर पडायची. नंतर कोणीतरी ती जागा बुजवली आणि आदेशात तुम्ही त्या बुजवलेल्यालाच मूळ भिंत म्हटलंत. मावशींनी तुमची ऐतिहासिक भिंत फोडलेली नाही. तिथे ऐतिहासिक काय असेल तर ते भोकच आहे.

आणि मग जे बोलण्यासाठी मी आठवडाभर झोपले नव्हते, ते बोलले. “आदेशात लिहिलंय की भिंत मुळात होती तशी करून द्या. आम्ही तयार आहोत. भोक मोठं करावं लागेल.”

अध्यक्षबाई हसल्या. आधी नाकातून, मग चांगल्या खदखदून. घड्याळवाला सभासदही हसला. कुंपणापलीकडे दातांचा डॉक्टर बूट बघत उभा होता.

मावशींनी सगळ्यांना आत बोलावलं. तिळाच्या वड्या अजून कोमट होत्या. एक बशी कुंपणापलीकडेही पाठवली आणि मला बजावलं, “त्याला सांग, जपून चाव. मोडला तर स्वतःचा स्वतःलाच बसवावा लागेल.” मी हे इंग्रजीत सांगितलं. तो हसला की नाही आठवत नाही, वडी घेतली एवढं नक्की.

पुढच्या सभेत एकमतानं ठरलं. पंखा राहणार, कमानीच्या आतच, विटेच्या रंगाचं झाकण लावून. परवानगी परत, कायमची. कमानीवरचा रंग समितीच्याच माणसांनी वसंतात उतरवला आणि आतून काय निघालं म्हणता! घासून पाचर केलेल्या विटांची गोल कमान, समोरच्या खिडक्यांवर आहे तीच हातोटी, तेच बारीक सांधे. त्या माणसानं घराची पाठही तेवढंच मन लावून बांधली होती. आता पितळी पाटीवर भट्टीचं वाक्य वाढवलंय. मावशींनी ते मला दोनदा वाचायला लावलं. “म्हणजे आता आपली फोडणी ऐतिहासिक झाली म्हणायची,” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन कढईत मोहरी टाकली. काका तिथेच होते. ते पाटी वाचून झाल्यावर समितीच्या एका माणसाला म्हणाले की भोक मी पाडलं. अभिमानानं म्हणाले. त्यांना इथल्या माणसाशी कसलीही माफी न मागता बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

हे होऊन आता दोन वर्षं झाली. मी दुसऱ्या गावी आहे, मावशी त्याच घरात आहेत, वरच्या खोल्यांत नवी पोरं आहेत आणि मुलगा गेल्या उन्हाळ्यात आपल्या बायकोला घेऊन कमान बघायला येऊन गेला. गॅरेजवरच्या खोलीचं नाव परत निघालं नाही.

जुनी वीट जपायच्या मी विरोधात नाही. कधीच नव्हते. ती जपलीच पाहिजे. पण विटेच्या आड उभं राहून कोणी माणसाला हाकलत असेल, तर त्याच्यापेक्षा ती वीट तुम्हाला जास्त माहीत असली पाहिजे. आता तुम्ही हे वाचताय, तेव्हा तुमच्याकडे मागते. तुमच्याही ओळखीत एखादी मावशी असेल, जिला घराबद्दल असा एखादा आदेश आलाय आणि जिला सगळे ‘जाऊ दे, विकून टाक’ म्हणतायत. तुम्ही तसं म्हणू नका. माफी तर अजिबात मागू नका. हा कागद बाजूला ठेवा, तिला आत्ता फोन करा, येत्या शनिवारी तिच्या घरी जा, आणि घराच्या मागच्या बाजूला जाऊन भिंतीसमोर उभे राहा. आणि सुनावणीच्या दिवशी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसा.